गाठ कर्करोगाची की क्षयाची?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘स्वादुपिंडात गाठ’ हे शब्द आले, की रुग्णाच्या घरातील पुढचे संभाषण हलक्या आवाजात सुरू होते. रुग्णाला काय सांगावे, भविष्य निर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल, मुलीचे लग्न अलीकडे घ्यावे की पुढे ढकलावे, असे प्रश्न निदान निश्चित होण्यापूर्वीच उभे राहतात. कारण स्वादुपिंडातील गाठ म्हणजे कर्करोग, हे समीकरण लोकांच्या मनात आणि काही प्रमाणात वैद्यकाच्या व्यवहारातही पक्के बसले आहे. हे समीकरण बहुतेक वेळा खरे ठरते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु ते नेहमीच खरे ठरत नाही. आपल्यासारख्या देशात अशा गाठींपैकी थोड्या गाठी क्षयरोगाच्या असतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेसारख्या संपन्न देशातही शेकडा तेराच्या आसपास आहे. क्षय मात्र वेळेवर ओळखला, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बहुधा पूर्ण बरा होतो. आणि हे दोन्ही रोग बाहेरून पाहता एकमेकांसारखेच दिसतात.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तरीही या विषयाकडे वळण्याचे कारण आहे. अपुऱ्या माहितीच्या आधारे, मर्यादित वेळात आणि मर्यादित पैशांत निर्णय कसा घ्यावा, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न होय. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्राची मांडणी अनिश्चिततेच्या पायावर केली. आपल्याला नेमकी कोणती सेवा हवी आहे, हे रुग्णाला ठाऊक नसते; ते सेवा देणाऱ्याला अधिक ठाऊक असते; आणि परिणामाची खात्री दोघांनाही नसते. स्वादुपिंडातील गाठ हे या अडचणीचे बोलके उदाहरण आहे. ज्या रुग्णात क्षयाची एखादी खूण दिसते, त्याच्या बाबतीत मोठा निर्णय घेण्यापूर्वी गाठीचा तुकडा मिळवून तो योग्य रीतीने तपासणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. आणि आपली व्यवस्था नेमका तोच मार्ग दुर्लक्षिते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

दोन रोग, एकच मुखवटा

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पोटात खोलवर आडवी पसरलेली ग्रंथी आहे. पचनाचे स्राव आणि इन्सुलिन ती तयार करते. तिच्या रुंद टोकाला ‘डोके’ म्हणतात. ते लहान आतड्याच्या आरंभीच्या वळणात बसलेले असते आणि यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातून खाली उतरते. म्हणून तेथे गाठ झाली की पित्ताचा मार्ग अडतो आणि कावीळ होते. मग ती गाठ कोणत्या का रोगाची असेना. पोटाच्या वरच्या भागातील वेदना, मंदावलेली भूक, झपाट्याने घटणारे वजन, हीही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच.

स्वादुपिंडाचा क्षय दुर्मीळ आहे, यात शंका नाही. या ग्रंथीचे पाचक स्राव क्षयजंतूंना प्रतिकूल असावेत, असे मानले जाते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्षयाने ग्रस्त अशा १,६५६ जणांच्या शवविच्छेदनांत केवळ १४ जणांच्या स्वादुपिंडात हा रोग आढळला होता. पुढे सीटी स्कॅनसारखी साधने आली, एचआयव्हीच्या साथीने क्षयाला नवे बळ मिळाले आणि अशा रुग्णांची नोंद वाढू लागली. जंतू रक्तावाटे येतात, किंवा शेजारच्या लसिका ग्रंथींतून स्वादुपिंडात शिरतात. अशा अनेक रुग्णांना खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ असतो. म्हणून ‘फुप्फुसे चांगली आहेत, तेव्हा क्षय नाही’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

दुर्मीळ या शब्दाचा अर्थही देशागणिक बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि त्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतात होते. नोंद होणाऱ्या भारतीय रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात रोग फुप्फुसाबाहेर असतो. उलट स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे कमी आहे. वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे सुमारे एक ते दोन. युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातील विद्यार्थी क्षयाचा विचार यादीच्या तळाशी करतो, ते तेथे रास्तच आहे. ती यादी जशीच्या तशी सोलापूर किंवा नांदेडच्या रुग्णालयात वापरणे मात्र रास्त नव्हे.

मग तपासण्यांनी हा भेद कळत नाही काय? काही प्रमाणात कळतो. कर्करोगाची गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेला आवळते आणि तिच्या मागचा भाग फुगतो. क्षयाची गाठ डोक्याच्या मध्यभागी असूनही कित्येकदा ही नलिका जवळपास पूर्ववत राहते. क्षयात शेजारच्या लसिका ग्रंथी सुजतात आणि सीटी स्कॅनमध्ये त्यांची कडा उजळ व मधला भाग काळपट दिसतो, कारण आतील भाग मृत झालेला असतो. रुग्ण तरुण असणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घरात पूर्वी कोणाला क्षय झालेला असणे, याही खुणा आहेत. परंतु यांपैकी एकही खूण निर्णायक नाही. सीए १९-९ या रक्तचाचणीचा मोठा बोलबाला आहे. तथापि कोणत्याही कारणाने पित्तमार्ग अडला तरी तिचा आकडा वाढू शकतो, आणि शेकडा पाच ते दहा लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. महागडा पेट स्कॅनही येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण कर्करोगाच्या पेशींप्रमाणे क्षयाची सूजही साखर भराभर शोषून घेते आणि दोन्ही गाठी पडद्यावर सारख्याच उजळतात.

दोन्ही बाजूंच्या चुका

निदान चुकण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळी आहे. पहिली चूक म्हणजे क्षयाला कर्करोग समजणे. स्वादुपिंडाच्या डोक्यातील कर्करोगावरील शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. १९३५ साली त्यांनी ती वैद्यकजगतापुढे मांडली. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा काही भाग आणि कधी जठराचाही काही भाग काढून उरलेल्या अवयवांची नव्याने जोडणी केली जाते. सतत अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत आज मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आले आहे. गुंतागुंत मात्र पुष्कळांना होते, आणि पुढे मधुमेह व अपचन कायमचे सोबती होऊ शकतात. कर्करोगाच्या संशयावरून केलेल्या या शस्त्रक्रियांपैकी शेकडा पाच ते दहांमध्ये काढलेल्या भागात कर्करोग सापडतच नाही, असे जगभरच्या अनुभवावरून दिसते. त्यांत बहुतेक वेळा जुनाट दाह असतो. आपल्यासारख्या देशांत त्यांतच क्षयाचेही रुग्ण असतात. जो रोग गोळ्यांनी बरा झाला असता, त्यासाठी रुग्णाने एक अवयव आणि कुटुंबाने आयुष्याची पुंजी गमावलेली असते. याहूनही दारुण प्रकार म्हणजे ‘रोग फार पसरला आहे, आता घरी न्या’ असे सांगून तुकडा न तपासताच रुग्णाला परत पाठवणे. येथे कोणीच शस्त्र हाती घेत नाही, म्हणून ही चूक कोठे नोंदलीही जात नाही.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. आपल्याकडे क्षय इतका सर्वत्र आहे, की ‘क्षयाच्या गोळ्या देऊन तर पाहू’ हा मोह डॉक्टरांना आणि त्याहून अधिक नातेवाइकांना होतो. कर्करोगापेक्षा क्षय बरा, ही आशा समजण्यासारखी आहे. परंतु निदानाच्या वेळी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे पंधरा ते वीस टक्के रुग्णांतच गाठ काढता येण्याजोगी असते. अशा रुग्णाचे दोन महिने गोळ्यांच्या प्रयोगात गेले, तर ती संधी हातची निसटते. या गोळ्यांपैकी काही यकृतावर ताण टाकतात आणि काविळीच्या रुग्णाला हा प्रयोग तसाही सोसवत नाही.

तिसरीही एक शक्यता आहे. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे स्वादुपिंडाला सूज येते आणि तीही गाठीसारखी दिसते. तिच्यावर स्टेरॉइड हे औषध गुणकारी ठरते. मात्र क्षयाच्या रुग्णाला त्याचे निदान न होता केवळ स्टेरॉइड दिले, तर प्रतिकारशक्ती दबून रोग पसरू शकतो. तात्पर्य, ‘औषध देऊन पाहू’ हा मार्ग वरकरणी स्वस्त वाटला, तरी तो स्वस्त नाही.

हजार रुग्णांचा हिशेब

ही गोष्ट साध्या अंकगणिताने अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. समजा, स्वादुपिंडात गाठ असलेले एक हजार रुग्ण आहेत. त्यांपैकी ९८० जणांना कर्करोग आणि २० जणांना क्षय आहे. ताप आणि मधोमध मृत झालेल्या लसिका ग्रंथी ही जोडखूण क्षयाच्या २० पैकी १५ जणांत आढळते, असे धरू. कर्करोगाच्या रुग्णांत ती शेकडा पाच जणांतच, म्हणजे ९८० पैकी ४९ जणांत आढळते, असे मानू. तेव्हा ही खूण असलेले एकूण रुग्ण झाले ६४ आणि त्यांत क्षयाचे १५.

या हिशेबातून दोन धडे निघतात. खूण दिसण्यापूर्वी क्षयाची शक्यता शेकडा दोन होती. खूण दिसल्यावर ती शेकडा तेवीसपर्यंत चढली. एवढी मोठी शक्यता डोळ्यांआड करून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जाणे अविवेकाचे ठरेल. परंतु दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. खूण असूनही चारांपैकी तीन रुग्ण कर्करोगाचेच आहेत. तेव्हा केवळ तिच्या आधारे क्षयाच्या गोळ्या सुरू करणे हाही अविवेकच. खुणेचे मूल्य असे, की ती तपासणीचे समर्थन करते; उपचाराचे करत नाही. अठराव्या शतकात टॉमस बेझ या धर्मोपदेशकाने मांडलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या गणिताचा हाच आशय आहे. रुग्ण तिशीतला असेल, तर आरंभीचे आकडे बदलतील. सत्तरीतला असेल, काविळीखेरीज दुसरे काही नसेल आणि नलिका फुगलेल्या असतील, तर ते उलट दिशेने बदलतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

शल्यचिकित्सकांची बाजूही येथे न्यायाने मांडली पाहिजे. गाठ काढण्याजोगी असेल आणि चित्र कर्करोगाचे ठसठशीत असेल, तर तुकड्यासाठी थांबू नये, असे त्यांचे शास्त्र सांगते. सुईने घेतलेल्या तुकड्यात कर्करोग सापडला नाही, तरी तो नाहीच असे म्हणता येत नाही. आणि थांबण्यात वेळ जातो. हे म्हणणे बरोबर आहे. तुकड्याचा आग्रह प्रत्येक रुग्णासाठी नाही. ज्याच्यात क्षयाची एखादी खूण आहे त्याच्यासाठी तो आहे, आणि ज्याला शस्त्रक्रियेऐवजी केमोथेरपी द्यावयाची किंवा ‘आता उपाय नाही’ असे सांगावयाचे आहे, त्याच्यासाठी तर तो अनिवार्य आहे.

तुकडा एक, बाटल्या दोन

स्वादुपिंड इतके खोलवर आहे की पूर्वी त्याचा तुकडा मिळवणे हीच मोठी शस्त्रक्रिया असे. १९८० च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसवून जठराच्या आतून स्वादुपिंड पाहण्याची युक्ती निघाली. १९९२ साली डेन्मार्कमध्ये याच मार्गाने सुई घालून स्वादुपिंडातील गाठीचा नमुना घेण्यात आला. आज भारतातील मोठ्या शहरांत ही तपासणी होते आणि पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो.

परंतु तुकडा मिळाल्याने काम संपत नाही. तो कोठे जातो यावर सारे अवलंबून आहे. प्रघात असा, की मिळालेला सर्व नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवायचा. कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठी तो उत्तम असतो. मात्र फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. त्या नमुन्यातून क्षयजंतू वाढवून पाहण्याची सोय राहत नाही आणि जंतूंच्या जनुकांची चाचणीही बेभरवशाची होते. म्हणून नमुन्याचा एक भाग साध्या निर्जंतुक सलाइनच्या दुसऱ्या बाटलीत घालून सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे गेला पाहिजे. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात, तो येथे जवळजवळ शून्य आहे. सुई आत गेलेलीच असते. हवी असते ती एक बाटली आणि क्षयाचा विचार त्या क्षणी सुचणे. तो दुसऱ्या दिवशी सुचला, तर रुग्णाला संपूर्ण तपासणी नव्याने करून घ्यावी लागते.

त्या दुसऱ्या बाटलीतून काय कळते? पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली मध्यभागी मृत झालेले दाणेदार पुंजके दिसले, तर क्षयाचा संशय बळावतो. परंतु जंतू प्रत्यक्ष दिसतीलच असे नाही, कारण अशा गाठींत त्यांची संख्या थोडी असते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधलेला हा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि द्रव माध्यमातील कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. जनुकीय चाचणीने हा कालावधी काही तासांवर आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली शिफारस केलेले सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आहे काय आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल काय, हे सांगते. या संघटनेने २०२० साली मान्यता दिलेले ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातील एका कंपनीने बनविलेले आहे. यांपैकी कोणतीही चाचणी सर्वज्ञ नाही. ती नकारार्थी आली तरी क्षय असू शकतो. म्हणून कल्चरही लावलेच पाहिजे. पहिला तुकडा निरुपयोगी ठरला तर दुसरा घ्यावा लागतो, आणि तरीही उलगडा झाला नाही तर अखेर पोट उघडून पाहणे समर्थनीय ठरते. निदान झाल्यावरही दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून गाठ आकसते आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते. आकसत नसेल, तर जंतू औषधाला दाद देत नाही की मुळात निदानच चुकले, याचा फेरविचार तातडीने झाला पाहिजे.

पैसा कोठे अडतो

येथे प्रश्न वैद्यकाच्या हातून निसटून आर्थिक धोरणाच्या हाती येतो. क्षयाच्या गोळ्या सरकार मोफत देते. रुग्णाच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. दुसऱ्या टोकाला, मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सार्वजनिक विमा योजना आहेत. म्हणजे रोगाला नाव मिळाले की खर्च उचलणारा कोणीतरी असतो. परंतु हे नाव मिळेपर्यंतच्या मधल्या टप्प्याचा, म्हणजे स्कॅन, दुर्बिणीची तपासणी, सुई, चाचण्या, मुंबई-पुण्याच्या दोन-तीन फेऱ्या आणि बुडालेली मजुरी, यांचा भार बहुतांशी कुटुंबावर पडतो. कारण या योजनांची रचना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती केलेली आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये सुमारे ३९ टक्क्यांवर आला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु उरलेल्या या खर्चात निदानाचा खर्च मोठा असेल, तर गरीब माणूस उपचारापूर्वीच थकतो. निदानावरील खर्च वाचविणारी व्यवस्था चुकीच्या उपचारावर त्याच्या कित्येक पट खर्च करून बसते.

उपाय अवाढव्य नाहीत. पहिला नियमाचा: पोटातील गाठीचा नमुना घेताना क्षयाची शंका असेल, तर सलाइनमधील भाग पाठविला आहे काय, ही नोंद तपासणीच्या कागदावरच असावी. दुसरा पैशाचा: शस्त्रक्रियेप्रमाणे तुकड्याद्वारे होणाऱ्या निदानासाठीही विमा योजनांनी स्वतंत्र रक्कम द्यावी, मग रुग्ण दाखल झालेला असो वा नसो. तिसरा जोडणीचा: सीबीनॅटसारखी यंत्रे बेडक्याच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत, उणीव आहे ती खोलवरच्या गाठीपर्यंत सुई पोचविणाऱ्या हातांची. ती कौशल्ये प्रत्येक जिल्ह्यात एका रात्रीत निर्माण होणार नाहीत. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांना हे काम नेमून देऊन जिल्हा रुग्णालयातून रुग्ण ठरल्या दिवशी तेथे पाठविता येईल. मोठा निर्णय शल्यचिकित्सक, पोटविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यावा, ही चांगल्या कर्करोग केंद्रांतील पद्धत इतरत्रही नेता येईल.

आणि नागरिकाचे काय? डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे हा येथे उपाय नव्हे. ‘कर्करोग नसेलच’ अशा आशेने वैद्याकडून वैद्याकडे हिंडत वेळ दवडणे तर घातकच. परंतु नम्रपणे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे. हा निर्णय तुकडा तपासून घेतला आहे काय, आणि नसल्यास का? आणि तुकडा घेणार असाल, तर क्षयासाठी त्याचा काही भाग वेगळा पाठविणार काय? यांचे उत्तर देण्यास चांगल्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. कित्येकदा ते उत्तर ‘येथे त्याची गरज नाही, कारण चित्र स्पष्ट आहे’ असे असेल आणि ते स्वीकारलेही पाहिजे. मात्र ज्या देशात जगातील चौथा हिस्सा क्षयरुग्ण राहतात, तेथे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही म्हणून एखादा तरुण बऱ्या होणाऱ्या रोगाने दगावला, तर त्याची जबाबदारी दुर्दैवावर ढकलता येणार नाही.